बिनशिंकेचा शेठ

जरा डोळे मिटा आणि कल्पना करा. तुम्ही एका पांढऱ्या गादीवर मांडी घालून बसला आहात. समोर लाल मिरचीचा ढीग आहे, तुमच्या घराच्या दारापेक्षा उंच. डाव्या हाताला मिरचीची पोती, उजव्या हाताला मिरचीची पोती, आणि मधल्या मोकळ्या जागेत एक माणूस खराट्यानं सांडलेली मिरची गोळा करतो आहे. खराट्याच्या प्रत्येक फटकाऱ्यासरशी बारीक लाल धूळ उठते आणि दुसरीकडे कुठेही न जाता थेट तुमच्या नाकाकडे येते. आधी नाकात गुदगुल्या होतात. मग डोळे पाणावतात. मग तोंड आपोआप उघडतं. आता शिंक येणार, अगदी येणार. आणि शिंकायचं नाही.

जमलं का? नाही जमत. कुणालाच जमत नाही. नंदुरबारच्या मिरची बाजारात म्हणूनच सगळे शिंकतात. शेतकरी शिंकतात, हमाल शिंकतात, व्यापारी शिंकतात, दारात बांधलेली बकरीसुद्धा शिंकते.

शिंकत नसत ते एकटे चांदमल शेठ.

शिंक न येण्यात एवढं काय मोठं, असं तुम्हाला वाटेल. पण त्या बाजारात त्याला मोल होतं. सौदा चालू असताना गादीच्या मालकाला शिंक आली की तो अपशकुन, असं जुने व्यापारी मानत. शिंक आली की बोलणं थांबवायचं, चहा मागवायचा, इकडच्या तिकडच्या गप्पा मारायच्या आणि मग भाव पुन्हा पहिल्यापासून बोलायचा. मिरचीच्या बाजारात असा नियम करणारा माणूस कोण होता ते कुणाला माहीत नाही, पण त्यानं मिरची फारशी पाहिली नसावी. चांदमल शेठच्या गादीवर मात्र सौदा कधी अडत नसे. लांबलांबचे व्यापारी त्यांच्याकडे येत, कारण तिथे अर्धा दिवस वाचे. लोक त्यांना बिनशिंकेचा शेठ म्हणत. शेठही ते ऐकून न ऐकल्यासारखं करत आणि मनातून फुलत. काही जण विचारत, हे कसं साधलं? शेठ वर बोट दाखवून हात जोडत. बघणाऱ्याला वाटे, वाडवडिलांची पुण्याई.

ती पुण्याई एका पत्र्याच्या डबीत होती. पिवळ्या रंगाची, बारीक, सर्दीची गोळी. रोज सकाळी आंघोळ झाली की एक. हंगामात धूळ जास्त, म्हणून दुपारी आणखी एक. ही गोळी शेठ गावातल्या दुकानातून घेत नसत, अक्कलकुव्याला वसुलीला गेले की तिथून आणत. घरात बायकोला, म्हणजे बदामबाईंना, ठाऊक होतं. आणि पाचवीत शिकणाऱ्या नातीला, जिनलला ठाऊक होतं, कारण सकाळी दादाजींच्या हातावर गोळी ठेवायचं काम तिचं होतं. ही गोष्ट गुपित आहे हे तिला कुणी सांगितलं नव्हतं. मुलांना अशा गोष्टी सांगायच्या राहून जातात.

शेठचा दुसरा लौकिक बैठकीचा होता. सकाळी एकदा गादीवर बसले की सौदे संपेपर्यंत उठायचं नाही. गिऱ्हाईक समोर असताना मालक उठला तर त्याच्यामागून लक्ष्मीही उठते, असं त्यांना त्यांच्या वडिलांनी सांगितलं होतं. वडिलांना त्यांच्या वडिलांनी. मग मधेच लघवीला लागली तर? शेठ मांडी बदलत. ही मांडी खाली, ती मांडी वर. पुन्हा लागली की पुन्हा बदलत. थोड्या वेळानं ती भावना निघून जाई, आणि शेठना वाटे, आपण जिंकलो.

असं त्यांनी उभं आयुष्य जिंकत काढलं.

मग गेल्या वर्षापासून एक विचित्र प्रकार सुरू झाला. शेठना सारखं जावंसं वाटू लागलं, म्हणून एक गिऱ्हाईक उठून दुसरं बसायच्या आत ते नाइलाजानं जाऊन येत. गेले की थोडंसं व्हायचं, धार बारीक, मधेच थांबणारी. बाहेर येऊन हात पुसतात न पुसतात तोच वाटायचं, अजून राहिलं आहे. तोलाईवर बसणारा सुपडू हे सगळं बघत असे. त्यानं एकदा विचारलंच, "शेठ, घडीघडी कोठे जाई ऱ्हायनात?" शेठनी त्याला काट्याकडे लक्ष द्यायला सांगितलं.

यावर शेठनी व्यापाऱ्याच्या डोक्यानं विचार केला. माल जास्त जातो आहे, म्हणजे आवक जास्त असणार. आवक कमी केली पाहिजे. त्यांनी पाणी कमी केलं. तसंही त्यांच्या जैन घरात सूर्य मावळल्यावर पाणी प्यायचं नाही, आता दिवसाही ते घोटावर आलं. तरी फेऱ्या कमी होईनात. डॉक्टरकडे चला, असं बदामबाई म्हणाल्या, तेव्हा शेठनी समजावलं की ज्याला लघवी होत नाही त्यानं डॉक्टरकडे जायचं असतं. मला तर दिवसभर होते.

दिवाळीच्या सुट्टीत मिरचीचा हंगाम तापला. एका दिवशी आवक एवढी झाली की पथारीवर, म्हणजे मिरची वाळत घालायच्या मैदानावर, पाय ठेवायला जागा उरली नाही. हवेतच लाली होती. शेठनी सकाळी दोन गोळ्या घेतल्या, दुपारी दोन, आणि सकाळपासून दिवस कलेपर्यंत बैठक सोडली नाही. शेवटचा सौदा झाल्यावर ते मागच्या बाजूला गेले. बराच वेळ बाहेर आले नाहीत. आले तेव्हा चेहरा पांढरा पडला होता आणि दोन्ही हात ओटीपोटावर होते. पोट ढोलकीसारखं ताणलं होतं. लघवी एक थेंब होत नव्हती.

मुलगा अंकित त्यांना गाडीत घालून दवाखान्यात घेऊन गेला. बदामबाई आणि जिनल बरोबर.

आता दैव बघा. दवाखान्यात जी डॉक्टर होती ती होती रुपा, कळसाडीच्या नवल पाटलांची मुलगी. कापूस आणि ऊस करून उरलेल्या तुकड्यात नवल पाटील मिरची लावत आणि ती चांदमल शेठलाच घालत. ही पोरगी लहानपणी बापाबरोबर येऊन गादीच्या कडेला बसत असे. शेठनी तिला शेव-चिवडा दिलेला होता. आणि आता तिच्यासमोर सांगायचं होतं की होत नाही. शेठनी अंकितकडे पाहिलं. अंकितनं भिंतीकडे पाहिलं. शेवटी जिनल म्हणाली, "दादाजींना शू होत नाहीये."

नळी घातली. पिशवी भरू लागली, भरतच राहिली. दुसरी लावावी लागली. शेठच्या जिवात जीव आला, आणि तो आल्याबरोबर लाजही आली.

दुसऱ्या दिवशी रुपा खाटेशी स्टूल ओढून बसली. तपासण्या झाल्या होत्या. तिनं सांगितलं की काका, तुम्ही रोज जात होतात खरं, पण दरवेळी वरचं वरचं सांडत होतं. आतली पिशवी कधी रिकामी झालीच नाही. निम्म्याहून जास्त आतच उरत होतं. शिल्लक.

हा शब्द शेठना लागला. शेवटचं पोतंही उलटं करून झटकून घेणारा हा माणूस. त्यांच्या वखारीत हंगामाअखेर मिरचीचं देठ सापडत नसे. आणि स्वतःच्या पोटात एवढा माल पडून.

जिनलनं विचारलं की उरलं कसं. रुपाला हा प्रश्न आवडला. तिनं जिनलच्या वेणीचं रबर मागून घेतलं. एकदा हलकेच ताणून सोडलं, ते टपकन जागेवर आलं. मग तिनं ते दोन बोटांत ताणून धरलं आणि तसंच धरून बोलत राहिली. लघवीची पिशवी म्हणजे नुसती पिशवी नाही, ती स्नायूंची असते, मुठीसारखी. भरली की तिच्याकडून मेंदूला निरोप जातो, मेंदू म्हणतो जा, मग पिशवी मुठीसारखी आवळते आणि खालचं दार सैल पडतं. पण निरोप आला की दरवेळी त्याला बस म्हटलं, तर पिशवी ताणलेलीच राहते. वर्षानुवर्षं. रुपानं रबर सोडलं. ते आता लोंबतच आलं.

"हे एकच कारण?" अंकितनं विचारलं.

एकच असतं तर बरं झालं असतं, असं रुपा म्हणाली. काकांची साखर किती वर्षं वाढलेली आहे? रक्तातली जास्तीची साखर हळूहळू मज्जातंतू खराब करते, म्हणजे निरोप नेणाऱ्या ताराच. मग पिशवी भरली तरी वर कळत नाही, आणि वरून हुकूम निघाला तरी खाली पोचत नाही. शेठच्या वयात पुरुषांची एक ग्रंथी वाढते आणि वाट अरुंद करते, तीही पाहिली, पण थोडीच वाढली होती. पाठीच्या मणक्यात नस दाबली गेली तरी असं होतं, तसं काही दिसलं नाही. बद्धकोष्ठानंही भर पडते. ते होतं, कारण पाणी सोडलं होतं. काही औषधांनीही स्नायू ढिला पडतो. "काका, साखरेच्या गोळ्यांशिवाय आणखी कुठलं औषध घेता?"

"नाही," शेठ म्हणाले.

खोटं बोललो असं त्यांना मुळीच वाटलं नाही. औषध आजारासाठी असतं. ती गोळी धंद्यासाठी होती. बदामबाई छताकडे बघू लागल्या.

मग रुपानं पुढचं सांगितलं. नळी काही दिवस ठेवू, पिशवीला विसावा मिळेल. मग काढून बघू. स्नायूनं काम धरलं तर ठीक. नाही धरलं आणि आत शिल्लक राहतच गेली, तर ती मागे मूत्रपिंडांवर दाब आणते, ती खराब होतात. तसं होऊ द्यायचं नाही. म्हणजे मग नळी कायमची. नळीची पिशवी कमरेला बांधून हिंडावं लागेल.

शेठनी डोळे मिटले. पांढरं धोतर, पांढरी गादी, आणि गादीवर ही पिशवी. समोर खापर गावचे मोठे व्यापारी हेमराज शेठ बसले आहेत आणि पिशवीकडे न बघण्याचा प्रयत्न करत आहेत. त्यापेक्षा दुकान बंद केलेलं बरं, असं त्यांनी ठरवून टाकलं. नळी कायमची झाली तर गादी सोडायची.

तिसऱ्या दिवशी सुपडू भेटायला आला. थेट पथारीवरून आला होता. डोक्यावर, सदऱ्यावर, कानांच्या पाळ्यांवरसुद्धा लाल धूळ. तो खाटेजवळ वाकून शेठच्या पाया पडला. पाया पडताना खांद्यावरचा पंचा झटकला गेला.

शेठच्या नाकात गुदगुल्या झाल्या. अनोळखी वाटाव्यात अशा. मग डोळे पाणावले. मग तोंड उघडलं. आणि अशी शिंक आली की सलाइनची बाटली हलली. त्यापाठोपाठ दुसरी. तिसरीला शेजारच्या खाटेवरचा म्हातारा उठून बसला.

सुपडू हात जोडलेल्या अवस्थेत गोठला. "शेठ, तुम्ही शिंकनात," तो हळूच म्हणाला. "मन्हा कानवर मन्हा इस्वास बसत नई शे." मग त्यानं इकडेतिकडे पाहून रडवेल्या आवाजात विचारलं, "आते कसं व्हई?"

रुपा दारातच उभी होती. माणूस शिंकला यात एवढं रडण्यासारखं काय, असं तिनं विचारलं. सुपडूनं छाती पुढे काढून सांगितलं की आमचा शेठ जन्मात शिंकला नाही. बाजारात कुणालाही विचारा. रुपानं शेठकडे पाहिलं. मिरचीच्या वखारीत बसून शिंक येत नाही, हे तिला तिच्या बापाच्या शेतावरचा अनुभव असल्यामुळे पटेना.

"ती पिवळी गोळी घेतली की नाही येत," जिनल म्हणाली. "इथे गोळी कुठे दिली कुणी?"

बदामबाईंनी पदर तोंडाला लावला. रडत होत्या की हसत होत्या ते शेठना शेवटपर्यंत कळलं नाही.

रुपानं नाव विचारलं, किती वर्षं ते विचारलं, रोज किती ते विचारलं. शेठ एकेक उत्तर देत गेले, मान खाली घालून, चोरीचा माल मोजून देणाऱ्यासारखे. ती रागावली नाही. उलट तिचा चेहरा उजळला, आणि शेठना ते रागावण्याहून जड गेलं. तिनं सांगितलं की ही गोळी नाक जशी सुकवते तशी पिशवीच्या स्नायूलाही झोपवते, त्याची मूठ आवळू देत नाही. ताणलेली पिशवी, साखरेनं बिघडलेल्या तारा, आणि वरून रोज झोपेची मात्रा. तो बिचारा स्नायू एवढे दिवस काम करत होता हेच नवल. पण काका, यातली एक गोष्ट आजच्या आज बंद करता येते. बाकीच्या हळूहळू.

म्हणजे शेठपुढे आता निवड होती. एकीकडे नळी. दुसरीकडे चारचौघांत शिंक.

शेठनी एक रात्र विचार केला आणि शिंक पत्करली. डबी त्यांनी स्वतःच्या हातानं बदामबाईंना दिली.

ठरलेल्या दिवशी नळी काढली. शेठना लघवी झाली. मग सोनोग्राफीत बघितलं, आत किती उरलं ते. उरलं होतं, पण पहिल्यापेक्षा बरंच कमी. रुपानं नळी परत घातली नाही, मात्र सुटकाही दिली नाही. पंधरवड्यानं पुन्हा बघायचं. शिल्लक आणखी उतरली तर सुटलात, चढली तर नळी. तोवर पाणी नीट प्यायचं, साखर ताब्यात ठेवायची. आणि मुख्य म्हणजे लागेपर्यंत थांबायचं नाही, कारण तुमच्या पिशवीचा निरोप आता भरवशाचा नाही. घड्याळ लावायचं. घड्याळ वाजलं की जायचं, लागो न लागो. घाई नको, जोर नको. झालं की क्षणभर थांबून पुन्हा एकदा. एकदाही चुकवायचं नाही. ताणलेल्या स्नायूला पुन्हा ताणलं तर तो परत येत नाही.

घड्याळाचं काम जिनलकडे आलं. सुट्टी होतीच. ती आईचा जुना मोबाइल घेऊन गादीजवळ बसे आणि गजर झाला की दादाजींच्या बाहीला हात लावे.

बाजारात बातमी शेठच्या आधी पोचली होती. पहिल्या दिवशी सौद्याच्या मध्यात शेठ शिंकले, तेव्हा समोरच्या शेतकऱ्यानं त्यांच्याकडे आपल्यातला समजून पाहिलं आणि तोही मोकळेपणानं शिंकला. चहा आला, भाव पुन्हा पहिल्यापासून सुरू झाला. कुणाचं काही बिघडलं नाही. शेठना थोडं वाईट वाटलं. एवढी वर्षं गोळ्या खाऊन जे सांभाळलं, त्याची कुणाला फारशी किंमत नव्हती म्हणायची.

गजराचं मात्र तेवढं सोपं नव्हतं. शेतकऱ्यासमोरून उठणं त्यांना जमू लागलं. काहीतरी बघून येतो असं पुटपुटत ते उठत. पण पंधरवडा संपायला आला असताना खापरचे हेमराज शेठ आले.

हेमराज शेठ गुजरातला माल पाठवत. ते आले की एका बैठकीत अर्धी वखार उठे. माणूस जुन्या वळणाचा. सगळा बाजार उघड बोलीनं भाव करू लागला तरी त्यांना रुमालाखालचाच सौदा लागे. म्हणजे दोघांनी हात पुढे करायचे, वर रुमाल टाकायचा, आणि आत बोटं दाबून भाव सांगायचा. बघणाऱ्याला काही कळत नाही. याचा एकच नियम. भाव ठरेपर्यंत हात सुटता कामा नये. ज्यानं हात काढला त्यानं सौदा मोडला.

रुमाल पडला. बोटं बोलू लागली. हेमराज शेठ चिवट, चांदमल शेठ त्यांच्याहून चिवट. वर दोघं पाऊसपाण्याच्या गप्पा मारत होते, खाली बोटं भांडत होती. सुपडू दूर उभा राहून रुमालाच्या सुरकुत्या वाचायचा प्रयत्न करत होता.

गजर झाला.

जिनलनं बाहीला हात लावला. शेठनी तिच्याकडे न बघता दुसऱ्या हातानं खूण केली, थांब. तिनं गजर बंद केला. थोड्या वेळानं पुन्हा हात लावला. शेठनी मांडी बदलली.

त्यांना लागलेली नव्हतीच. तेच तर अवघड होतं. पोटात सगळं शांत होतं, आणि ती शांतता खोटी आहे हे त्यांना आता ठाऊक होतं. एकदा चुकलं तर काय होतं, असं त्यांच्या मनात आलं. हेच ते गेली सगळी वर्षं स्वतःला विचारत आले होते. परवा सोनोग्राफी. हात काढला तर हेमराज शेठ उठून शेजारच्या वखारीत जातील. नाही काढला तर परवा शिल्लक चढलेली दिसेल. पांढऱ्या गादीवरची पिशवी त्यांना दिसली.

"शेठ, हात थंडा पडी ऱ्हायना तुमना," हेमराज शेठ हसून म्हणाले. "भाव आयकीसन कापरं भरनं का?"

चांदमल शेठनी जिनलकडे पाहिलं. पहिल्यांदाच, नीट. आणि त्या पाहण्यात काय होतं ते तिला बरोबर कळलं.

जिनलनं मोबाइल खाली ठेवला. चपला काढल्या. गादीवर चढून ती दादाजींच्या कुशीला चिकटून बसली, त्यांच्यासारखीच मांडी घालून. मग तिनं आपला हात दादाजींच्या मनगटावरून पुढे सरकवत रुमालाखाली घातला आणि हेमराज शेठची दोन बोटं घट्ट धरली. रुमालाखाली घराचा हात होताच, चांदमल शेठ आपला हात काढून उठले.

"बोला काका," ती म्हणाली.